हजेरी

माणूस आत आहे की नाही हे सांगणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसलेले असतात, डॉक्टर घाईत असतात, आणि मधल्या खुर्चीत मी असते. आमच्या कंपनीच्या 'साक्षी' यंत्राचा अहवाल घेऊन मी साध्या मराठीत सांगते की तुमच्या वडिलांना तुमचं कळतंय, किंवा कळत नाहीये. लोक रडतात, भांडतात, एका जावईबापूंनी तर माझ्या अंगावर गरम चहा फेकला होता. पण यंत्राबद्दल मला कधी शंका आली नाही. मी केतकी फिरके, राहणार जळगाव, आणि मला माझ्या कामाचा अभिमान आहे. हल्ली तो जरा जपून बाळगते, एवढाच फरक.

साक्षी म्हणजे डोक्यावर घालायची मऊ जाळीची टोपी आणि कानात घालायची दोन बोंडं. त्यामागचं तत्त्व जुनं आहे. लग्नाच्या मांडवात कितीही कलकलाट असू द्या, लांबून कुणी तुमचं नाव घेतलं की तुमची मान वळते. मेंदूला स्वतःचं नाव वेगळं कळतं. ते ऐकल्यावर साधारण सेकंदाच्या एक तृतीयांश भागात मेंदूच्या मधल्या पट्ट्यात विजेची एक संथ लाट उठते. माणसाला बोलता येत नसो, बोट हलवता येत नसो, आत कुणी जागं असेल तर ते आपल्या नावाला ओ देतं आणि टोपीला ती ओ ऐकू येते.

अडचण एकच. गाढ बेशुद्धीतही कान आणि मेंदूचा खालचा भाग कुठल्याही आवाजाने थोडा थरथरतो. ती थरथर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून साक्षी रुग्णाचं नाव आणि परक्यांची नावं मिसळून पुन्हा पुन्हा ऐकवतं, दोन्हींची सरासरी काढतं, आणि रुग्णाच्या नावाच्या लाटेतून परक्या नावांची लाट वजा करतं. नातेवाइकांना मी हे तराजूवर समजावते. आधी रिकामं पातेलं तोलायचं, मग तुपासकट तोलायचं, मग पातेलं वजा करायचं. उरेल ते तूप. शिल्लक रेषा वर उठली तर आत माणूस आहे, सपाट आली तर नाही. तीन निरनिराळ्या दिवशी ती सपाट आली, तर घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून कृत्रिम श्वास थांबवायला कायद्याची हरकत नाही.

परक्या नावांच्या बाबतीत एक पथ्य आहे. रुग्णाच्या मुलाबाळांची नावं त्यांत चालत नाहीत. आईबापांच्या मेंदूत पोरांच्या नावालाही स्वतःच्या नावाएवढीच लाट उठते, आणि वजाबाकी बिघडते. चाचण्यांच्या काळात हे लक्षात आलं तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे हळवे झाले होते. मी झाले नाही. मी म्हटलं, नियम करून टाका, पुढचं काम बघा.

मग एका मंगळवारी माझ्या पडद्यावर रुग्णाचं नाव आलं, विमल फिरके. माझी आई.

आई भुसावळला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. घरी भरताची वांगी भाजता भाजता ती मला सांगायची की तुझ्या रक्तातलं लोखंड एका ताऱ्याच्या पोटात शिजलेलं आहे, तो तारा फुटला म्हणून ते इथवर आलं. दोन इलेक्ट्रॉन शेजारी ठेवले तर हा कोणता आणि तो कोणता हे खुद्द विश्वालाही सांगता येत नाही, त्यांची अदलाबदल केली तरी कुठे काही बिघडत नाही, हे सांगताना तर ती अशी खूश व्हायची, जणू आत्ताच बढती मिळालीय. एक दिवस ती पप्पांना म्हणाली की हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितेय, गणितात पटतंही, पण जगताना मला सगळे वेगळेच दिसतात. जे शिकवते ते दिसतं का, ते बघायचंय. आणि ती तापीकाठच्या बिननावाच्या मठात निघून गेली. मी अकरा वर्षांची होते. मी इलेक्ट्रॉन नव्हते, मला कुणाशी बदलून चालणार नव्हतं.

त्या मठाला नाव नाही, कारण तिथे कुणालाच नाव नाही. आत जाणारा माणूस तापीत उभा राहून आपल्या नावाला तिलांजली देतो. मग पुरुष असेल तर बुवा आणि बाई असेल तर माय, संपलं. तिथली साधनाही एकच आहे, तिला हजेरी म्हणतात. दिवेलागणीला आसपासच्या केळीच्या बागांमधून माणसं येतात. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाचा भाऊ बोलत नाही, कुणाचं लेकरू परदेशात. जो येतो तो आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतो, आणि बसलेले बुवा आणि माया त्या नावाला 'हजर' म्हणतात. अंगारा नाही, आशीर्वाद नाही, दक्षिणेची थाळी नाही. नाव घ्यायचं, 'हजर' ऐकायचं आणि घरी जायचं. कॉलेजात आम्ही याला प्रॉक्सी म्हणायचो आणि पकडले गेलो की सर वर्गाबाहेर काढायचे. माझ्या आईने त्यासाठी घर सोडलं होतं.

पप्पा मला पहिल्यांदा तिकडे घेऊन गेले तेव्हा मी धावतच तिच्याकडे गेले. तिने मला पोटाशी धरलं. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या, बागेत कामाला आलेल्या बाईच्या पोरीलाही धरलं. तेवढंच घट्ट आणि तेवढाच वेळ. परतीच्या बसमध्ये मी पप्पांना सांगितलं की मला पुन्हा इथे आणायचं नाही. पुढे मोठी झाल्यावर, पप्पा गेले तेव्हा ती आली होती, तेव्हा मी तिला सरळच विचारलं.

"तुला मी आणि ती पोरगी सारख्याच का?"

"हो," ती म्हणाली. "पण तुला वाटतं तसं नाही."

मला काय वाटतं ते ऐकायला ती थांबली नाही आणि सांगायला मीही थांबले नाही. त्यानंतर आमचं बोलणं नाही. आता ती मेंदूतल्या रक्तस्रावाने आडवी होती, नळीतून श्वास घेत होती, आणि कागदोपत्री तिचं जवळचं माणूस मी होते.

डॉक्टर फरीद तडवी यावलकडचे. मेंदूविकारांत त्यांचा हात धरणारा खानदेशात दुसरा कुणी नाही, आणि मठ, बाबा, बुवा असे शब्द ऐकले की त्यांचं डोकं सटकतं. त्यांच्या आजीला साप चावला तेव्हा मांत्रिकाकडे नेण्यात वेळ गेला आणि ती वाचली नाही, त्यामुळे त्यांचा राग पुस्तकी नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या रुग्णाचा अहवाल कंपनीचं दुसरं कुणी समजावेल, तुम्ही फक्त मुलगी म्हणून बसा. मी म्हटलं, मुलगी म्हणून बसायची मला सवय नाही.

पहिली रेषा सपाट आली. दुसरीही सपाट. मी मधल्या खुर्चीत बसून स्वतःलाच साध्या मराठीत समजावलं की आत कुणी नाही. रडू आलं नाही. तिचं आत नसणं मला जुनं होतं.

तिसऱ्या चाचणीच्या सकाळी मठातून एक म्हातारे बुवा आले. खांद्यावर केळीचा लहानसा घड, पायांत टायरच्या चपला. घड त्यांनी नर्सबाईंच्या टेबलावर ठेवला, आईच्या पायांशी उभे राहून तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मला विचारलं की हे यंत्र नेमकं करतं काय. मी तराजू सांगितला, पातेलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अन् हाक कोन्या नावानं मारली तिले?"

"विमल."

"ते नाव तर तिनं कव्हाच तापीत सोडलं, बाई."

ही चूक कुठल्या पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात झाली नसती, ती आमच्याकडेच व्हायची. ज्या बाईने स्वतःच्या नावाला पाणी सोडलंय तिला आम्ही आधार कार्डावरच्या नावाने हाका मारत होतो. मला एकदम उमेद आली आणि तिचा रागही आला. मी डॉक्टरांच्या मागे लागले. तिसऱ्या चाचणीत 'विमल' आणि 'माय' अशी दोन्ही नावं रुग्णाची म्हणून घेतली. गेली कित्येक वर्षं सगळा परिसर तिला मायच म्हणत होता, त्या हाकेला तरी ओ यायला हवी.

'विमल' सपाट आलं. 'माय'ही सपाट आलं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की आज संध्याकाळी सही करा, नाहीतर उद्या करा, घाई कशाचीच नाही. मी आजच करते म्हटलं. उद्यापर्यंत उमेद पुन्हा वाढली असती आणि मला ती नको होती.

बुवांनी एकच मागणी केली. जाण्याआधी तिच्याजवळ एकदा हजेरी होऊ द्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. इथे भजन-कीर्तन चालणार नाही, असं त्यांनी सुनावलं. बुवा म्हणाले की भजन नाही, फक्त नावं. आणि त्यांनी बाहेरच्या बाकांकडे हात केला. तिथे नर्स दारात येऊन विचारत होती, "नामदेव सपकाळेंचं कोण आहे?" आणि एक बाई पदर सावरत उठली होती.

"पाहा," बुवा म्हणाले, "तुमच्याकडं बी दिवसभर हजेरीच चालते. नाव त्याचं, अन् उठते ही."

डॉक्टरांनी मोजकी माणसं आणि मोजका वेळ एवढी परवानगी दिली.

दिवे लागले तेव्हा बाहेरच्या बाकांवरचे चार-पाच नातेवाईक आईच्या पलंगाभोवती गोळा झाले. टोपी अजून तिच्या डोक्यावर होती, मी ती सही झाल्यावर काढणार होते. चाचणी संपलेली असल्यामुळे वजाबाकीचा भाग बंद होता. बाजूच्या पडद्यावर नुसत्या कच्च्या लाटा धावत होत्या, ज्या एरवी कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते, मी आईचे पाय बघत होते. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या.

पदर सावरणारी बाई म्हणाली, "नामदेव सपकाळे."

"हजर," बुवा म्हणाले.

एका तरण्या पोराने त्याच्या आजीचं नाव घेतलं, चिंधाबाई. मग कुणी धनराज म्हणालं, कुणी रुखसाना. प्रत्येक नावानंतर बुवा शांतपणे 'हजर' म्हणत होते. रुखसानाच्या नावाला माझी नजर सहज पडद्यावर गेली, आणि तिथे मधल्या पट्ट्यात एक संथ, भरदार लाट उठून खाली आली. बुवा त्यानंतर 'हजर' म्हणाले. आईचं त्यांच्या आधी म्हणून झालं होतं.

मी पदर सावरणाऱ्या बाईला पुन्हा नामदेव सपकाळेंचं नाव घ्यायला सांगितलं. तिने घेतलं, आणि लाट उठली. पोराने चिंधाबाई म्हटलं, लाट उठली. स्वतःच्या नावाला जशी उठते तशी, शंभर अहवालांत मी पाहिलेली आणि डोळे मिटून काढून दाखवू शकेन अशी. मी डॉक्टर तडवींना हाक मारली, तीही अशी की ते जेवणाचा डबा उघडा टाकून आले.

त्यांना आधी पटलं नाही, आणि न पटवून घेणं हे त्यांचं कामच होतं. ही कानाची थरथर आहे, ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः एकेक गोष्ट ऐकवायला घेतली. फडताळ, कुलूप, पावशेर. सपाट. पाचोरा, अमळनेर, चोपडा. सपाट. तीच माणसांची नावं उलटी वाजवून, म्हणजे आवाज तोच पण अर्थ गेलेला. तेही सपाट. सुलट वाजवली की लाट. त्यांनी स्वतःच्या शाळेतल्या मित्रांची नावं घेतली, ज्यांचा आईशी जन्मात संबंध आलेला नव्हता. लाट. कॉलेजातल्या एका माणसाचं नाव त्यांनी दात खाऊन घेतलं, त्या माणसाने त्यांना बराच त्रास दिला असावा. त्यालाही तेवढीच लाट. शेवटी त्यांनी विमल म्हटलं, माय म्हटलं. इतरांएवढीच, चारचौघांतली दोन नावं.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले. नियमाप्रमाणे तिथे बसायचं नसतं.

"केतकीताई, आपण शून्य वाचलं," ते म्हणाले. "ते शून्य नव्हतं. बरोबरी होती."

मला सगळं एका क्षणात दिसलं. स्वतःच्या नावातून परकी नावं वजा करायची, हा आमचा हिशेब. पण ज्या मेंदूला परकं नावच उरलेलं नाही, तिथे वजाबाकी कशी करणार? मी ज्याला रिकामं पातेलं समजून तोलत होते तेही काठोकाठ भरलेलं होतं.

डॉक्टर मग बराच वेळ बोलत राहिले, अर्धे माझ्याशी आणि अर्धे स्वतःशी. मेंदूत 'मी' नावाची अशी एखादी खोली नसते, ते म्हणाले. इथवर मी आणि इथून पुढे इतर, अशी एक हद्द मेंदू लहानपणापासून आखत येतो, शेतकरी शेताला बांध घालतो तशी. बांध उपयोगाचा असतो, त्याच्यावाचून पेरणी-कापणी व्हायची नाही. पण जमिनीला बांध ठाऊक नसतो. सवयीने घातलेली हद्द सवयीने सरकवताही येत असली पाहिजे, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. ती इतकी सरकवता येते, आणि कुणी दिवेलागणीला चटईवर बसून सरकवतं, हे मान्य करायला त्यांना जड जात होतं. तरी समोर लाट होती, आणि लाट दिसल्यावर नाही म्हणणारा तो माणूस नव्हता. माझी आई फळ्यावर जे लिहायची ते तिने स्वतःच्या डोक्यात करून दाखवलं होतं. अदलाबदल केली तरी काही बिघडत नव्हतं.

मग ते म्हणाले की एक नाव राहिलं, मुलीचं. आईच्या मेंदूची सगळ्यात भरवशाची खूण तीच असते, ते घेतल्याशिवाय नोंद पुरी होणार नाही.

मी टाळाटाळ केली. टोपीचा चार्ज उतरलाय म्हटलं, तो उतरला नव्हता. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. सपाट आली तर ती मला विसरली. इतरांएवढी आली तर मी तिच्या लेखी नामदेव सपकाळे. आणि मनाच्या कोपऱ्यात अकरा वर्षांची एक पोरगी अजून बसली होती, तिला ती लाट सगळ्यांपेक्षा उंच यायला हवी होती. केसभर तरी उंच.

डॉक्टरांनी माझं नाव घेतलं. "केतकी."

लाट उठली. मी मोजपट्टी लावली, पुन्हा लावली. नामदेव सपकाळेंएवढी. चिंधाबाईंएवढी. डॉक्टरांच्या त्या कॉलेजातल्या वैऱ्याएवढी.

मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि रडले. आई जिवंत आहे, आत आहे, जागी आहे, याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला झाला तो संताप. इतक्या वर्षांनी, मेंदू उघडून बघितला तरी, मी आणि बागेतली ती पोरगी सारख्याच. बुवा शेजारी येऊन बसले. त्यांनी घडातलं एक केळं सोलून माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लंही, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. लाट केवढी आली ते मी त्यांना सांगितलं. यंत्रातलं त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण ते मान हलवत होते.

"आली तव्हा तिले एक बी नाव घेता येत नव्हतं," ते म्हणाले. "तोंडानं हजर म्हने, पन आतून निघे ना. आमचे थोरले बुवा होते तव्हा, ते म्हने, खोटं नको बोलू. असं कोनाचं नाव हाये का, का ते घेतलं तं पोटात तूच उठते? ती म्हने, हाये. केतकी. बुवा म्हने, मंग तेच घे."

मी केळ्याची साल हातात घेऊन बसले.

"वर्षभर तिनं दुसरं नाव नही घेतलं. रोज दिवेलागनीले तेच एक. मंग दुसऱ्याचं नाव आलं का ती ते तुह्या नावाशेजारी ठेवे. ते तुह्याएवढं व्हईस्तोवर हजर म्हनायचीच नही. कोनाले महिना लागे, कोनाले वर्ष. पुढं पुढं तं कोनाचं बी नाव आलं का लगेच तुह्याएवढं व्हये. आमाले वाटे, ही बाई लई चिंगूस हाये."

बुवा हसले. मला हसता आलं नाही. मी उठून आत गेले आणि पडद्यावरच्या लाटा पुन्हा पाहिल्या. आता त्यांच्याकडे पाहताना मला कुणाएवढी कोण हे वेगळ्या बाजूने दिसत होतं. मी नामदेव सपकाळेंएवढी नव्हते. नामदेव सपकाळे माझ्याएवढे होते. माझी उंची तिने कधी कमी केलीच नव्हती. एकेका परक्या माणसाला उचलून, महिना महिना लावून, ती माझ्या उंचीला आणत गेली होती. पंचक्रोशीतल्या प्रत्येक आजाऱ्याला, भांडखोराला आणि परागंदा पोराला तिने केतकी करून टाकलं होतं.

तुला वाटतं तसं नाही, असं ती म्हणाली होती. खरंच तसं नव्हतं.

सही मी केली नाही. डॉक्टरांनी तो कागद स्वतःच फाडला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण बातम्यांत ते येऊन गेलंय. साक्षीच्या नियमांत बदल झाला. आता शिल्लक रेषेबरोबर कच्च्या लाटाही बघाव्या लागतात, आणि वजाबाकीच्या आधी पातेलं रिकामं आहे ना हे तपासावं लागतं. तपासणी सुरू झाल्यावर आणखी दोन-तीन माणसं अशीच निघाली. त्यांतली एक तर चाळीस वर्षं सुईणीचं काम केलेली म्हातारी होती, तिचा मठाशी काही संबंध नव्हता. डॉक्टर तडवी आठवड्याला एकदा यंत्र गाडीत घालून मठात जातात. बुवा-मायांना टोप्या घालतात, वाद घालतात, जेवून येतात. जुन्या माणसांच्या लाटा सारख्या येतात, नव्यांच्या खालीवर. आमच्या बुवांच्या मेंदूत सगळ्या जगाच्या नावाला लाट उठते, फक्त त्यांच्या सख्ख्या भावाच्या नावाला उठत नाही. त्या भावाशी त्यांचं शेताच्या बांधावरून भांडण होतं. डॉक्टरांनी ते पडद्यावर दाखवल्यावर बुवा ओशाळले, आणि आता रोज तेच एक नाव घेऊन बसतात. विश्व एक आहे, हे यंत्राने सिद्ध झालं का, असं मला वार्ताहर विचारतात. मी सांगते की विश्वाचं मला माहीत नाही. एका बाईच्या डोक्यात ते एक होतं, आणि ते मोजता आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आई महिनाभराने नळीवाचून श्वास घ्यायला लागली. डोळे उघडते, उजवा हात थोडा उचलते. बोलणं अजून आलेलं नाही, येईल की नाही कुणी सांगत नाही. मी रोज तिच्या टाचांना तेल लावते. पहिले काही दिवस मी तिच्यापाशी एकटी असताना माझं नाव घेऊन पडद्याकडे बघायची. मग टोपी काढून ठेवली. लाट उठतेय हे मला ठाऊक आहे, रोज मोजायचं कशाला?

परवा तिला साध्या वॉर्डात हलवायचं होतं. मी बाहेर बाकावर होते. नवी नर्स हातात कागद घेऊन दारात आली, तिला आमच्यातलं कुणी माहीत नव्हतं. बाकावर गर्दी होती, आणि तिने थोड्या चढ्या आवाजात विचारलं, "विमल फिरकेंचं कोण आहे?"

इतके दिवस मी अशा वेळी हात वर करून, मी मुलगी, असं सांगायची. या खेपेला तोंडातून दुसराच शब्द निघाला.

"हजर," मी म्हणाले आणि उठले.